न झाडलेलं रिव्हॉल्वर

तारीख ४, सोमवार

सगळ्यांत आधी टपकली ती समोरची इस्त्रीवाली. माझी ट्रंक अजून उंबऱ्यातच, जावईबापू एकीकडून ओढतायत, लेक दुसरीकडून ढकलतेय, आणि ही बया मधोमध उभी राहून विचारते, शिंप्याची सासू ती हीच का? मी म्हटलं, हीच गं बाई, नीट बघून घे, फक्त दात मोजू नकोस. झाली आमची गट्टी. उभ्या उभ्या आले म्हणाली आणि चहा पिऊन, बशी विसळून गेली. जाईपर्यंत अख्ख्या गल्लीची बित्तंबातमी माझ्या पदरात.

मग आले वरच्या मजल्यावरचे रखवालदार. घरमालक तेच. जन्मभर एका सराफाच्या दुकानाच्या दारात उभे राहिले. आता डोळ्यांना जेमतेम दिसतं, पण अजून बसतात ते पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. मला आजीबाई म्हणाले. मी म्हटलं, तुमचे तरी केस कुठे काळे राहिलेत? हसले बिचारे.

ही वही गुंडीने दिली. गुंडी म्हणजे माझी नात. जन्मली तेव्हा सदऱ्याच्या गुंडीएवढी होती, म्हणून मीच हे नाव पाडलं. आता शाळेत जाते आणि मला हुकूम सोडते की आजी, तू रोज लिहायचं, मी तपासणार. माझी शाळा दुसरीत सुटली, त्यामुळे मास्तरीण मिळाली हे बरंच झालं.

घर छान आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि मोरी. दुकानात कापड बेतायचं लांब टेबल, दोन मशिनी, कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा आणि पडद्याआड उभा आरसा. सगळं आधीच्या शिंप्याचं. तो म्हणे असंच सोडून गेला. आता मला सांगा, शिंपी मशीन सोडून जातो का कुठे? पण लेक म्हणाली, आई, आयतं मिळालंय तर खोट काढू नकोस. बरं बाई.

आणि तिसरे कोण आले माहीत आहे? गिऱ्हाईक! नवराबायको. दुकान उघडल्यापासून जावईबापू माश्या मारत बसले होते, आणि मी पाऊल टाकलं त्याच दिवशी तीन कपड्यांचं काम. नवऱ्याला कोट, बायकोला लांब झगा, मुलीला फ्रॉक. ह्याला म्हणतात पायगुण. बोलायला फार गोड माणसं. फक्त माप द्यायला तयार होईनात, अंगाला हात लावलेला सोसत नाही म्हणाले. जावईबापू अडले. मीच मधे पडले. म्हटलं, अहो, तुम्ही अगदी आमच्या जावयांच्या अंगाचे दिसता, त्यांचंच माप धरू. बाई हसली आणि म्हणाली, मग माझं? मी म्हटलं, तुम्ही आमच्या लेकीसारख्या. मुलगी बरोबर नव्हती. केवढी आहे विचारलं, तर गुंडीकडे बघत म्हणाली, एवढीच.

झालं की नाही काम? नडलेल्या ठिकाणी म्हातारं माणूस हवंच.

तारीख ५, मंगळवार

आज कापड बेतलं. राखी रंगाचं, मऊ, पण विचित्र. उलट कुठली आणि सुलट कुठली तेच कळत नाही. जावईबापूंनी उजेडात धरलं, दाताखाली धागा धरला, पालथा हात फिरवला. शेवटी म्हणाले, आई, दोन्ही बाजू सारख्याच आहेत. खडूची रेघही त्यावर टिकत नाही. मारली की पुसली जाते, मग टाचण्यांवर काम.

मी गुंडीला हातशिलाई शिकवायला घेतली. तिला लाल दोराच हवा, दुसरा चालत नाही. काय हात आहे पोरीचा! एका बैठकीत असा धावदोरा घातलान की माझा टाका कुठला आणि तिचा कुठला, मलाच सांगता येईना. लेक म्हणाली, लाडावून ठेव तिला. मी म्हटलं, लाड नाहीत, खरं तेच सांगतेय. इस्त्रीवालीला दाखवलं, तिलाही ओळखता आलं नाही. मी जन्मभर शिवलं तेव्हा कुठे हा टाका बसला, आणि हिने तो आल्या आल्या उचलला. ऊर भरून आला माझा.

तारीख ११, सोमवार

ते दोघे परत आले. कोट अर्धा झालाय. बाई म्हणाली, माप बरोबर आहे का ते घरी बघायचंय, नमुन्याला तुमच्याकडचे जुने कपडे द्या, घालून बघतो आणि आणून देतो. गिऱ्हाईक नमुन्याचा कपडा शिंप्याला देतं, शिंपी गिऱ्हाइकाला देतो हे उलटंच. जावईबापू बाजारात बटणं आणायला गेले होते, लेक मोरीत. मी दिले. जावयांचा घरातला सदरा, लेकीचा जुना झगा, गुंडीचा आखूड झालेला फ्रॉक. त्यात काय मोठंसं? आल्यागेल्याला नाही म्हणायची सवय नाही मला.

एक गंमत. ते गेल्यावर लेकीने विचारलं, दिसायला कसे आहेत? आणि मला सांगता येईना! चेहरा आठवायला गेलं की जावईबापूच डोळ्यांपुढे येतात. म्हटलं, म्हातारपण आलं वाटतं खरंच.

तारीख १४, गुरुवार

जावईबापूंना सदरे सैल होतायत. मी म्हटलं, माझ्या हातचं जेवून लोक सुटतात, तुम्ही आटताय कसे? तर त्यांनी मला टेबलाशी नेलं आणि टेप हातात दिली. माझा खांदा मोजा म्हणाले. मोजला. त्यांच्याच मापापेक्षा दोन बोटं कमी भरला. पोट सुटतं नि आटतं, पण मोठ्या माणसाचा खांदा आटत नाही. हे तेच मला कितीदा सांगायचे, शिलाईतला पहिला धडा म्हणून.

लेकीचा झगाही खांद्यावरून उतरतोय. ती म्हणते दगदग.

गुंडीला मापायला मन धजलं नाही.

नमुन्याचे कपडे अजून परत आलेले नाहीत.

तारीख १६, शनिवार

आज इस्त्रीवाली धावत आली. म्हणाली, तुमचे जावई कोपऱ्यावर भेटले, हाक मारली तर वळून हसले आणि पुढे गेले, एवढी कसली मिजास? जावईबापू तेव्हा माझ्यासमोर काज करत बसले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. चहा न घेताच गेली. ती चहा न घेता गेली म्हणजे बघा.

दुपारी ते दोघे आले. पुरुषाने कोटाच्या बाहीवरून हात फिरवला, तेव्हा त्याचा अंगठा दिसला. अंगठ्यावर घट्टा. कात्रीचा घट्टा, जावईबापूंना आहे तसाच, तिथेच. कात्री न धरणाऱ्या माणसाला तो कुठून येणार? आणि बाई हसली. माझ्या लेकीला लहानपणापासून हसता हसता उचकी लागते. त्या बाईला तश्शीच उचकी लागली.

मी चहासुद्धा विचारला नाही.

ते गेल्यावर जावईबापू म्हणाले की वरच्या रखवालदारांकडे जुनं रिव्हॉल्वर आहे, ते विकायचं म्हणतायत, ते आपण घेऊ. लेक कडाडली. पोर हिंडतंय घरात आणि तुम्ही बंदूक आणणार? मी लेकीच्या बाजूने झाले. म्हटलं, एक सुई हरवली तर मी सापडेपर्यंत जमिनीवर पाय ठेवत नाही, आणि ह्या घरात तसली वस्तू? गुंडीचा हात कुठल्या डब्यात पोचत नाही? शिवाय घाबरवायचं कोणाला, गिऱ्हाइकाला? गोड बोलतात म्हणून? जावईबापू म्हणाले, आई, तुम्ही त्याचा अंगठा पाहिलात. मी म्हटलं, पाहिला.

नको म्हणून ठरलं. पण ठरल्याचं समाधान काही नाही.

तारीख १९, मंगळवार

कापड परत करायचं ठरवलं. पत्ता कोणालाच माहीत नाही. जावईबापूंनी सगळं गुंडाळून माळ्यावर टाकलं. आज बघते तर टेबलावर. कोटाला दोन्ही बाह्या लागलेल्या. शिलाई जावयांचीच. ते म्हणतात, मी शिवलं नाही. मग स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. बोटांवर राखी धागे होते.

माझं डोकं फिरलं. फ्रॉक उचलला आणि कात्री घातली बाहीला. आत गुंडी किंचाळली. धावले. तिच्या दंडावर ओरखडा, खांद्यापासून कोपरापर्यंत, रक्त आलेलं. ती फरशीवर चित्र काढत बसली होती. जवळ काही टोकदार नाही. काही नाही.

म्हणजे फाडता येत नाही. जाळता तर मुळीच येणार नाही.

लेकीने ओरखड्यावर औषध लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, आई, वर जाऊन विचार. आहे का अजून ते त्यांच्याकडे.

तारीख २१, गुरुवार

गेले वर. रखवालदारांनी पत्र्याच्या पेटीतून काढलं. फडक्यात होतं. सराफाने निवृत्तीला दिलेलं, त्याच्याही आधी दुसऱ्या कोणाचं. काळं, मुठीचं लाकूड हातांनी झिजून गुळगुळीत झालेलं. आमच्या कात्रीची मूठ झिजते तसं. हातात घेतलं. केवढं जड.

म्हणाले, वापरलेलं आहे, पण माझ्या हातून कधी झाडलेलं नाही. तुमच्या आधीच्या शिंप्यानेही नेलं होतं.

मी विचारलं, त्याने कशाला?

म्हणाले, गिऱ्हाइकांची भीती वाटते म्हणाला. मग आणून दिलं. मला दिसत नाही, म्हणून मी नळी हुंगली. बंदुकीच्या दारूचा वास नव्हता. झाडलं नव्हतं. का नाही झाडलंस विचारलं तर म्हणाला, कोणावर? एवढंच. मग त्याची बायकापोरं हसत खेळत निघून गेली, ह्याला मागे ठेवून. हा पायरीवर बसून होता. भावाने येऊन नेला. अजून म्हणे तेच विचारतो. कोणावर?

मी म्हटलं, हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत? मान खाली घातली. घर रिकामं राहिलं असतं, म्हणाले.

शिव्या तोंडात आल्या होत्या. गिळल्या. गरज मला होती.

परवान्याचा कागद नावावर केल्याशिवाय देता येत नाही म्हणाले. मग म्हणाले, न्या, अडल्याला कागद कोण विचारतो.

आज नाही नेलं. घेऊ की नको. लेक म्हणते घे. जावई आता काही म्हणतच नाहीत, भिंतीला टेकून असतात. त्यांच्या आवाजाला वजन राहिलेलं नाही. आणि मी म्हणते, झाडणार कोण? मी? सुईत दोरा ओवायला मला गुंडी लागते.

तारीख २३, शनिवार

युक्ती सुचली. आधीच्या शिंप्याला कोणावर ते कळलं नाही ना? मग खूण हवी. आमच्या तिघांचे घालायचे कपडे काढून बसले, आणि प्रत्येकाच्या कॉलरच्या आतून लाल दोऱ्याचा टाका घातला. वरून दिसत नाही. कॉलर उलटली की दिसतो. लाल टाका असेल तो माझा माणूस. नसेल तो त्यांच्यातला. गुंडी दिवसभर शेजारी बसून काहीतरी शिवत होती. शहाणं पोर. एकदा हट्ट केला नाही.

संध्याकाळी वर गेले आणि ते घेऊन आले. ठरलं एकदाचं. बटणांच्या डब्यात, तळाशी, वर बटणं.

लेकीला सांगितलं. तिने माझे हात धरले. हात इतके हलके—

तारीख २५, सोमवार, सकाळ

तिघांना जावयांच्या भावाकडे धाडलं. इथे मी एकटी असेन. कपडे आपोआप पुरे झालेत, कापलेली बाहीसुद्धा; ते दोघे आले की देईन आणि मिटवीन. नाहीतर डबा आहे. लेक रडली. मी म्हटलं, मी बोलावेपर्यंत येऊ नका. जावई म्हणाले, छे, दुकान किती दिवस बंद ठेवणार, गुरुवारी येतो. लेकही म्हणाली, येतो गं आई, गुरुवारी. गुंडी हात हलवत गेली.

कॉलरी तपासायच्या राहिल्या. कशाला तपासायच्या? मीच शिवल्यात.

तारीख २५, दुपार

आले. आज मुलगीही बरोबर. तोंड बाईच्या कुशीत खुपसलेलं.

कपडे दिले. घालून बघतो म्हणाले. तिघंही पडद्याआड गेले. एवढ्याशा जागेत तिघं. मी डबा उघडला, बटणं बाजूला केली. हातात घेतलं. टेबलावरच्या कापडाखाली धरलं. मनात म्हटलं, लाल टाका नाही दिसला की—

पडदा सरकला.

माझी लेक. माझे जावई. राखी कोट, खांद्यावर अचूक बसलेला. पूर्वीचा खांदा. भरलेले गाल. गेल्या कित्येक दिवसांत ते इतके छान दिसले नव्हते.

आणि गुंडी.

म्हणाली, आजी बघ. आणि स्वतःच कॉलर उलटली. आत लाल टाका. माझा टाका. जावयांच्या कॉलरीत पाहिलं, तिथेही. लेकीच्याही.

मी शिवले नाहीत हे. मी नाही. शनिवारी गुंडी शेजारी— दिवसभर लाल दोरा घेऊन— तिला वाटलं असणार, आजी सगळ्यांच्या कपड्यांना घालतेय तर ह्या राखी कपड्यांनाही—

तिचा टाका नि माझा टाका. मलाच नाही ओळखता येत. मीच लिहिलंय वर. ऊर भरून आला म्हणून.

कापडाखाली हात तसाच. उचलला नाही. कोणावर? लेक हसली आणि तिला उचकी लागली. लहानपणी ह्या उचकीला मी साखर द्यायची.

येतो गं आई, म्हणाली. सकाळी म्हणाली तशीच. त्याच आवाजात.

मग सकाळी गेलेले कोण? कॉलर नाही पाहिली. पाहिली असती तरी—

तारीख २६, मंगळवार

वर देऊन आले. रखवालदारांनी नळी हुंगली. फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं.

इस्त्रीवाली दारात येऊन गेली. आत आली नाही. माझा पायगुण.

जावयांच्या भावाकडून निरोप आला. तिघं सुखरूप. पण आज अंथरुणातून उठली नाहीत. फार हलकी वाटतात, म्हणाला. गुरुवारी मात्र नक्की येणार म्हणतात.

दार उघडणार. जे येतील त्यांना. वाटच पाहणार मी, दुसरं करणार काय. माझीच आहेत, कुठलीही आली तरी— नाही. देवा, नाही—

पण दोन्ही आली तर. दारात दोन गुंड्या. दोघी आजी म्हणतील. एकीला आत घेऊन दुसरीला बाहेर—

कारण काल दुकानातून निघताना ते राखी कपड्यांतले तिघेही तेच म्हणाले. सगळं सामान घेऊन येऊ, आता इथेच राहू, आई, गुरुवारी—